संमेलन उभे करण्याची विद्या : दिल्लीच्या मांडवातील काही धडे

दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते दोनदा. पहिले १९५४ मध्ये. ते ३७ वे संमेलन होते, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते, काकासाहेब गाडगीळ स्वागताध्यक्ष होते आणि उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरूंनी केले. दुसरे २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या तीन दिवसांत. ते ९८ वे, अध्यक्षा डॉ. तारा भवाळकर, स्वागताध्यक्ष शरद पवार आणि उद्घाटक पंतप्रधान नरेंद्र मोदी. दोहोंमध्ये ७१ वर्षांचे अंतर आहे.

इतिहास अशा प्रसंगांतून व्यासपीठावरील नावे टिपून ठेवतो. अध्यक्षीय भाषणे छापली जातात, ठराव जपले जातात, छायाचित्रे चौकटीत जाऊन बसतात. परंतु मांडव कोणी घातला, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय कोणी केली, ध्वनिक्षेपक ऐनवेळी बंद पडला तेव्हा धावत कोण गेले, दोन हजार पाने उठवणाऱ्या आचाऱ्याला चुलीसाठी जागा कोणी मिळवून दिली, यांची नोंद सहसा राहत नाही. संमेलन उभे करणे हीही एक विद्या आहे. ती दीर्घकाळ कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती. ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या समाजासाठी तर तिचे मोल अधिकच, कारण चार माणसे एकत्र आणण्याची कला अंगी नसेल, तर परक्या मुलखात भाषा घराच्या उंबरठ्याआडच राहते.

या विद्येचा मराठी वारसा जुना आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी ११ मे १८७८ रोजी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ तेथे आहे. पुढची सभा १८८५ मध्ये, पुन्हा पुण्यात, झाली. या सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनाही गेले आणि त्यांनी ते नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांचा विचार ज्या सभेत नाही, तिच्यात सामील होण्यात अर्थ नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आयोजनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या पत्राने पहिलाच आणि सर्वांत अवघड प्रश्न विचारला होता : हे संमेलन नेमके कोणासाठी? निमंत्रितांची यादी वरवर पाहता कारकुनी काम वाटते. प्रत्यक्षात संमेलनाचे चारित्र्य त्या यादीतच ठरते. मांडव कितीही मोठा घातला, तरी यादीत ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी तो लहानच असतो.

त्याच १८८५ साली पुण्याने आयोजनाचा आणखी एक धडा घेतला. भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन डिसेंबरात पुण्यातच भरायचे होते. तयारीही चालू होती. तेवढ्यात शहरात पटकीची साथ आली आणि अधिवेशन मुंबईला हलवावे लागले. २८ डिसेंबर रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या वास्तूत ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत ते सुरू झाले. ज्या संस्थेने पुढे देशाचे भवितव्य घडवले, तिची पहिली बैठक पर्यायी जागेवर झाली, ही गोष्ट प्रत्येक आयोजकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पर्यायी जागा आधीपासून मनात असणे यालाच अनुभवी माणसे तयारी म्हणतात.

१८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला आणि ही विद्या गल्लोगल्ली पोहोचली. वर्गणी, पावतीपुस्तक, मंडप, मेळे, मिरवणुकीचा मार्ग, पोलिसांची परवानगी, शेवटी हिशेबाची बैठक. एका मंडळात चार वर्षे काम केलेल्या तरुणाला हे सारे पाठ होत असे. मराठी माणूस जेथे जेथे नोकरीधंद्यासाठी गेला, तेथे त्याने गणपती बसवला, आणि त्या निमित्ताने संघटनेची ही पाठशाळाही उघडली. दिल्लीही त्याला अपवाद नाही.

खुल्या मैदानात शहर वसवण्याची सर्वांत मोठी मराठी परीक्षा मात्र खानदेशात झाली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. तोवरच्या अधिवेशनांना शहरांच्या सोयी हाताशी होत्या; येथे पाणी, दिवे, निवास, भोजन, शौचकूप, सारे शून्यातून उभे करायचे होते. महात्मा गांधींचा आग्रह होता की सजावट गावच्याच साहित्यातून व्हावी. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस त्यासाठी आले आणि बांबू, चटया अशा साध्या वस्तूंतून अधिवेशननगरी सजली. साने गुरुजींनी अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून खानदेशातील गावे पायी पालथी घातली. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये घडवलेल्या सेवादलाच्या परंपरेने अशा अधिवेशनांना शिस्तीचे स्वयंसेवक पुरवले. फैजपूरने दाखवून दिले की भव्यता पैशावर अवलंबून नसते. ती योजनेवर आणि राबणाऱ्या हातांवर अवलंबून असते.

दिल्लीचा अनुभव याहून वेगळा. हे शहर दरबाराचे. १२ डिसेंबर १९११ रोजी येथे सम्राट पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला, तेव्हा शहराच्या उत्तरेस तंबूंचे एक अख्खे नगर वसले होते. त्या दरबाराची मराठी वाचकाला परिचित असलेली आठवण मात्र तंबूंची नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी सम्राटांना केलेला मुजरा अपुरा होता, असा बोभाटा झाला आणि त्याचे पडसाद लंडनपर्यंत उमटले. पावले किती, मान किती लवली, पाठ कधी फिरली, याचा हिशेब साम्राज्य ठेवत होते. राजशिष्टाचार हा समारंभाचा अलंकार असतो असे मानले जाते; दिल्लीत तो समारंभाचा गाभाच होता. राजधानीतल्या आयोजकाला आजही आसनव्यवस्थेवर रात्री जागवाव्या लागतात, त्याचे मूळ या परंपरेत आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दिल्लीने वेगळ्या प्रकारचे संमेलन पाहिले. २३ मार्च ते २ एप्रिल १९४७ या काळात पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरली. सरोजिनी नायडू अध्यक्षस्थानी होत्या आणि समारोपाच्या सत्रात गांधीजी बोलले. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, तरीही आशियातील राष्ट्रांचे प्रतिनिधी येथे जमले. काही महिन्यांतच त्याच किल्ल्याच्या आवारात फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या हजारो लोकांसाठी तंबू लागले. पाहुण्यांसाठी जे लागते तेच निर्वासितांसाठीही लागते : छप्पर, पाणी, अन्न, नोंद आणि धीराचा शब्द. संमेलन भरवण्याची विद्या संकटकाळी मदतकार्याची विद्या होते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

त्यानंतरची दिल्ली प्रत्येक मोठ्या प्रसंगातून काहीतरी शिकत गेली. पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा १९५० मध्ये व्हायच्या होत्या; तयारी वेळेत पूर्ण न झाल्याने त्या मार्च १९५१ मध्ये भरल्या. तारीख जाहीर करणे सोपे आणि पाळणे कठीण, हे नव्या राष्ट्राला तेव्हाच कळले. १९५६ मध्ये युनेस्कोची सर्वसाधारण परिषद दिल्लीत आली, तिच्यासाठी विज्ञान भवन आणि अशोक हॉटेल उभे राहिले. परिषद संपली, वास्तू राहिल्या. मार्च १९८३ मध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद भरली तीही विज्ञान भवनातच. ती मुळात बगदादला व्हायची होती. इराण-इराक युद्धामुळे यजमानपद दिल्लीकडे आले आणि तयारीला थोडे महिने मिळाले. परिषदेचे महासचिव नटवरसिंह यांनी पुढे सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. जॉर्डनच्या प्रतिनिधीला आपल्या आधी बोलू दिले म्हणून यासर अराफात रुष्ट झाले आणि परत जायला निघाले. अखेर फिडेल कॅस्ट्रो यांनी त्यांची समजूत काढली. वक्त्यांचा क्रम चुकला तर काय घडते, हे गावातल्या सत्कारसमारंभालाही ठाऊक असते. जागतिक परिषदेत फरक एवढाच की रुसणाऱ्याच्या मागे एक राष्ट्र उभे असते.

या पार्श्वभूमीवर १९५४ चे मराठी संमेलन पाहायला हवे. स्वागताध्यक्ष काकासाहेब गाडगीळ हे स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री राहिलेले होते. राजधानीच्या इमारती, रस्ते, वीज यांच्याशी त्यांचा कारभारी म्हणून संबंध आलेला. स्वागताध्यक्ष हे पद मानाचे समजले जाते, पण त्याचा खरा अर्थ यजमान असा आहे : ज्याच्या शब्दावर दारे उघडतात आणि ज्याच्या घरचे कार्य असल्यासारखे लोक राबतात. लेखक आणि वाचक महाराष्ट्रातून दीर्घ प्रवास करून येणार, त्यांची राहण्याजेवणाची व्यवस्था परप्रांतात करायची, आणि उद्घाटनाला देशाचे पंतप्रधान. मूठभर दिल्लीकर मराठी समाजाला हे ओझे लहान नव्हते. ते पेलले गेले, आणि मराठी भाषेने राजधानीत आपली हजेरी लावली.

१९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुढे संमेलनांची धुरा त्याच्याकडे आली. महामंडळ मार्गदर्शन करते, निमंत्रक संस्था प्रत्यक्ष भार उचलते, आणि तिच्या भोवती स्वागतमंडळ, निवास समिती, भोजन समिती, ग्रंथप्रदर्शन समिती अशी रचना उभी राहते. कामाची ही वाटणी अनुभवातून घडलेली आहे. प्रत्येक कामाला एक नाव, प्रत्येक नावाला एक काम, हा तिचा पाया.

परंतु या विद्येची खरी कसोटी रुसव्याफुगव्यांत किंवा भोजनाच्या पंगतीत नाही. ती माणसांच्या जिवाशी निगडित आहे, आणि दिल्ली परिसराने हा धडा फार महागात घेतला आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेचा वार्षिक समारंभ चालू होता. शामियान्याला आग लागली. वरचे कापड कृत्रिम धाग्याचे होते. ते वितळून खाली बसलेल्यांवर पडले. बाहेर पडायला वाट अपुरी होती. काही मिनिटांत चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. आई-वडील आपल्या लेकरांचे कौतुक पाहायला आले होते. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ग्रीन पार्क भागातील उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील रोहित्राला आग लागली, धूर वर चढला, आणि जादा खुर्च्या बसवल्याने बाहेर पडण्याचे मार्ग अडलेले होते.

या दोन्ही प्रसंगांत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे सुरू झाला होता. पडदा वेळेवर उघडला होता. चुकले ते कार्यक्रमपत्रिकेत न दिसणारे : कापड कोणते, तारा कशा, दारे किती, वाट मोकळी आहे की नाही. समारंभाचे यश टाळ्यांवरून मोजण्याची आपली सवय आहे. त्याचे पहिले मोजमाप वेगळे असले पाहिजे : आलेला प्रत्येक माणूस सुखरूप घरी पोहोचला का? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, ती अशाच अनुभवांच्या ओझ्याखाली. आणि तरीही १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री, साहित्य संमेलनाच्या जेमतेम आठवडाभर आधी, नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर चेंगराचेंगरीत १८ जण दगावले. जुना धडा प्रत्येक पिढीला नव्याने गिरवावा लागतो.

मग ही विद्या शिकायची कशी? तिची सूत्रे थोडी आहेत. पहिले सूत्र उलट्या गणनेचे : कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे मोजत यावे. सभागृहाची नोंदणी, पोलिसांची आणि अग्निशमन दलाची परवानगी, वक्त्यांची संमती, निमंत्रणपत्रिकेची छपाई, यांतील प्रत्येकाची शेवटची तारीख कागदावर असावी. दिल्लीत या गणनेत हवामानही धरावे लागते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात, मे-जूनमध्ये दुपारचा मांडव भट्टी होतो. फेब्रुवारीतले संमेलन हा योगायोग नसतो.

दुसरे सूत्र अंकगणिताचे. सहाशे पाहुण्यांची नोंदणी करायची आहे आणि एका नोंदणीला २० सेकंद लागतात असे धरले, तर एका टेबलावर २०० मिनिटे जातील, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. पाच टेबले मांडली तर तेच काम ४० मिनिटांत उरकते. दहा वक्त्यांनी प्रत्येकी पाचच मिनिटे जास्त घेतली, तर भोजन पन्नास मिनिटे लांबते आणि भात थंड होतो. हे गणित इयत्ता पाचवीचे आहे. ते वेळेवर मांडण्याची बुद्धी मात्र अनुभवाने येते.

तिसरे सूत्र पायी फिरण्याचे. जागा नकाशावर पाहून चालत नाही. प्रवेशद्वारापासून आसनापर्यंत, आसनापासून पाण्यापर्यंत, तेथून स्वच्छतागृहापर्यंत आणि आणीबाणीच्या दारापर्यंत आयोजकाने स्वतः चालून पाहावे. एकदा दिवसा, एकदा अंधारात, आणि एकदा चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेने. दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे, हे निदान तिघांना माहीत असावे. चौथे सूत्र रंगीत तालमीचे : ध्वनिक्षेपक, दिवे, जनरेटर, सूत्रसंचालकाचा कागद, सारे आदल्या दिवशी चालवून पाहावे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, हे तालमीतच लक्षात घ्यावे. आणि पाचवे सूत्र समारोपानंतरचे : सतरंज्या गुंडाळून झाल्या, जागा झाडून झाली, बिले चुकती झाली आणि चुकांची यादी पुढल्या वर्षासाठी वहीत उतरली, तेव्हाच कार्यक्रम संपतो.

या कामाला शास्त्राचे रूप देण्यात दिल्लीचा मोठा वाटा आहे. १९५९ मध्ये येथे राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. १९६२ पासून त्याची धुरा इब्राहिम अल्काझी यांच्याकडे होती. त्यांचा जन्म पुण्याचा. नटाइतकीच नेपथ्य, प्रकाश आणि रंगमंच-व्यवस्थेची शिस्त त्यांनी महत्त्वाची मानली. १९६३ मध्ये त्यांनी 'अंधा युग' फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत सादर केले. पुढे पुराना किल्ल्यात 'तुघलक' झाले. पडलेल्या भिंतींमध्ये वीज, आसने आणि वाटा उभारून प्रेक्षकांना सुरक्षित बसवणे हे नाट्यकलेइतकेच नियोजनाचेही यश होते. आज प्रगती मैदानावरील भारत मंडपम आणि द्वारकेचे यशोभूमी ही २०२३ मध्ये उघडलेली प्रचंड संकुले राजधानी परिसरात आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात भारत मंडपममध्ये जी-२० शिखर परिषद भरली. आयोजन हा आता पदविका घेऊन करायचा व्यवसाय झाला आहे.

तथापि व्यवसाय वाढला म्हणून हौशी हातांचे काम संपले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यानंतरचे पहिले संमेलन दिल्लीत भरले. पुण्याच्या सरहद संस्थेने निमंत्रक म्हणून ते शिरावर घेतले. पुण्याहून निघालेल्या खास गाडीत प्रवासातच साहित्यिक कार्यक्रम झाले. उद्घाटन विज्ञान भवनात आणि पुढील सत्रे तालकटोरा स्टेडियममध्ये, अशी जागांची विभागणी होती. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांच्या दिल्ली स्वारीत तालकटोऱ्याच्या परिसरात मराठी घोडी दौडली होती. २०२५ मध्ये तेथे मराठी पुस्तकांचे गठ्ठे उतरले.

या साऱ्या परंपरेची पहिली पायरी मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनातच असते. तेथे नववीतला मुलगा पहिल्यांदा छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावतो आणि आपल्याच वर्गमित्राला रांगेत उभे राहायला सांगण्याचा अवघडलेपणा अनुभवतो. पडदा ओढणारी मुलगी टाळ्या ऐकते, पण त्या आपल्यासाठी नाहीत हे समजून पुढच्या खुणेची वाट पाहते. प्रास्ताविक दोन मिनिटांत संपवणे, प्रमुख पाहुण्यांचे नाव अचूक उच्चारणे, आभार मानताना शिपाईकाका आणि वीजजोडणी करणाऱ्या कारागिराला न विसरणे, हे संस्कार पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. पालकांनीही या कामाकडे अभ्यासातला व्यत्यय म्हणून पाहू नये. गर्दीत शांत राहणे, पैशाचा चोख हिशेब देणे आणि इतरांच्या जिवाची जबाबदारी घेणे, हे ज्या वयात अंगवळणी पडते ते वय शाळेचेच असते.

राजधानीत तिसऱ्यांदा संमेलन भरेल तेव्हा अध्यक्ष कोण असेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्या संमेलनाची दारे उघडी आहेत ना, हे पाहायला उभी राहणारी मुले मात्र कदाचित आज कुठल्यातरी मराठी शाळेच्या वर्गात बसलेली असतील. त्यांच्या हाती वही द्यायची आहे, आणि तिच्यात आपल्या चुकांची यादीही प्रामाणिकपणे लिहून द्यायची आहे.